जामसरहून, जिल्हा पानाच्या संपादकांना




पोटातल्या बाळासाठी मेणबत्त्या लावून प्रार्थना करणाऱ्यांची बातमी तुम्ही आवर्जून छापता, आणि ज्या बाईच्या पोटात ते बाळ आहे तिला कायद्याने काय दिले आहे ते एकदाही छापत नाही. या न छापण्याची किंमत आमच्या भागातल्या बायका अंगावर काढतात. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे. यात तुम्हाला दोषी म्हटले आहे आणि ते मी पूर्ण विचार करून म्हटले आहे.

अशी बातमी कशी बनते ते वाचकांना आता पाठ झाले आहे. वर फोटो, त्यात मेणबत्त्या, जपमाळा आणि एखाद्या लहान मुलीच्या हातातला फलक. खाली धर्मगुरूंची दोन वाक्ये. शेवटी ‘भाविक मोठ्या संख्येने उपस्थित होते’. बातमी संपली. प्रार्थनेसाठी १० ऑगस्ट हाच दिवस का धरला, हा साधा प्रश्नही बातमीदाराला पडत नाही. पडला असता तर उत्तरात आपल्याच राज्याचा इतिहास निघाला असता. १९६४ साली केंद्र सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्याकडे दिले. चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या, म्हणून ती समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९६६ साली आला आणि १० ऑगस्ट १९७१ रोजी वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याला ५० वर्षे झाली तो दिवस, १० ऑगस्ट २०२१, देशातल्या कॅथलिकांनी शोकदिन म्हणून पाळला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला दिल्लीत ‘मार्च फॉर लाइफ’ निघाला. शोक कशाचा, हे शोक करणाऱ्यांनी सांगितले. हा कायदा कुणाचे मरण थांबवायला आला होता, हे सांगणे तुमच्याकडे होते.

प्रार्थना करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. वसईचे ख्रिस्ती आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची मिस्सा मराठीत होते, त्यांचे ‘सुवार्ता’ मासिक मराठीत निघते आणि ते वर्षानुवर्षे चालवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. गर्भ राहिल्या क्षणापासून तो जीव आहे ही त्यांची श्रद्धा आहे. ती रस्त्यावर येऊन सांगण्याचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. श्रद्धावंताने आपली बाजू मांडावी, बातमीदाराने उरलेले सगळे मांडावे. तुम्ही उरलेले सगळे सोडून दिलेत. आणि तीच प्रार्थना वसई सोडून आमच्या डोंगरात, एखाद्या पाड्यावरच्या झोपडीत झाली की तुमच्या मथळ्यात ‘धर्मांतर’ येते. एकाच जिल्ह्यात, एकाच देवापुढे जोडलेले हात, किनाऱ्याला भाविकांचे आणि डोंगराला संशयितांचे. दोन्ही ठिकाणी बाईला मात्र कुणी काही विचारत नाही.

आता जामसरची गोष्ट. तुमच्या पानावर जव्हार येते ते दाभोसा धबधब्यापुरते, ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या तारपा नाचापुरते आणि कुपोषणापुरते, म्हणून सांगते. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्याच्या वर जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय. तिथे जमले नाही की रुग्ण नाशिकच्या सिव्हिलला किंवा सीमेपलीकडे सिल्वासाला. घाट, पाऊस, रात्र आणि गाडीचे भाडे हे सगळे त्या ‘पाठवले’ या एका शब्दात बसते. दिवाळी झाली की निम्मा पाडा रिकामा होतो. माणसे भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटी नसते आणि भट्टीवर आशाताई नसते. पाळी चुकल्याचे बाईला कार्तिकात कळते. होळीला गावी परत येते तेव्हा पाचवा-सहावा महिना लागलेला असतो. गर्भपाताची वीस आठवड्यांची मर्यादा दिल्लीत कागदावर लिहिली तेव्हा ती लिहिणाऱ्यांपुढे भट्टीचा हंगाम नव्हता. तो हंगाम तुमच्या बातमीदाराला माहीत आहे, कारण ‘स्थलांतराने गावे ओस’ हा मथळा तो दर वर्षी पाठवतो.

एवढे होऊनही ती बाई आरोग्य केंद्रात गेली, तर तिला आधी विचारले जाते, नवरा कुठे आहे, त्याची सही आण. सहीची गरज कायद्यात नाही. बाई सज्ञान असेल तर तिच्या एकटीच्या संमतीवर काम होते. १९७१ पासून हे असेच आहे. आमच्याकडे कितीतरी जोडपी लग्न न लावता एकत्र नांदतात, कारण लग्नाचा खर्च झेपत नाही. मुले झाल्यावर, हातात चार पैसे आल्यावर हळद लागते. अशा बाईला ‘तू लग्नाची नाहीस’ म्हणून परत पाठवणे चूक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. न्यायमूर्ती चंद्रचूड, बोपन्ना आणि पारडीवाला यांच्या खंडपीठाने लग्न झालेली आणि न झालेली असा भेदच काढून टाकला. तुमच्या शहर पानावर या निकालाची बातमी ‘लिव्ह-इन’मधल्या मुलींची म्हणून आली असेल. माझ्या वारली आणि कातकरी शेजारणींचा तो निकाल होता, हे आमच्या तालुक्याच्या पानावर कुणी लिहिले नाही.

मग बाई काय करते? कुणी सांगितलेला पाला वाटून पिते, भगताकडे जाते, नाहीतर बाजारच्या दिवशी कुणाच्या तरी हस्ते गोळ्या मागवते. गोळ्या वाईट नाहीत. नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरने तपासून, कशी आणि केव्हा घ्यायची ते सांगून दिलेल्या गोळ्या ही जगभर मान्य झालेली पद्धत आहे. पण किती आठवडे झालेत हे न पाहता, गर्भ नळीत तर राहिलेला नाही ना हे न तपासता, अंगात रक्त किती आहे हे न बघता घेतल्या तर जीव जातो, आणि आमच्या बायकांच्या अंगात रक्त किती असते ते तुम्हीच कुपोषणाच्या बातमीत दर पावसाळ्यात छापता. लॅन्सेटच्या जागतिक आरोग्य नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२२ च्या अहवालात म्हटले, की असुरक्षित गर्भपाताच्या कारणांनी भारतात रोज सुमारे ८ बायका मरतात. रोज आठ. अपघातात आठ माणसे गेली तर तुम्ही पहिले पान बदलता.

केमिस्ट या गोळ्या ठेवायला का घाबरतो, यातही तुमचा हात आहे. २०१२ साली परळीचे मुंडे डॉक्टर दांपत्य मुलींचे गर्भ पाडल्यावरून पकडले गेले. २०१७ च्या मार्चमध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. ही प्रकरणे भयंकर होती, ती बाहेर काढणे ही पत्रकारिताच होती. मुलगी आहे हे तपासून तिला पाडणे हा गुन्हा आहे आणि बीडमध्ये २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या, तो आकडा आठवला की आजही पोटात गोळा येतो. पण लिंग तपासण्यावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा वेगळा आणि गर्भपाताला मुभा देणारा १९७१ चा कायदा वेगळा. तुम्ही दोन्ही एकाच मथळ्याखाली घातलेत. तेव्हापासून तुमच्या पानावर गर्भपात आला की सोबत ‘रॅकेट’ येते, ‘छापा’ येतो, ‘पर्दाफाश’ येतो. औषध प्रशासनाने दुकाने तपासली, दुकानदारांनी कटकट नको म्हणून माल ठेवणे बंद केले, डॉक्टरांनी नाव खराब व्हायला नको म्हणून हात आखडले. लिंग तपासून घेणारे पैसेवाले सोनोग्राफीचे यंत्र शोधत दुसऱ्या राज्यात गेले. ज्या पाड्यांवर मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडत नाही, उलट लग्नात मुलाकडचेच मुलीच्या बापाला देज देतात, त्या पाड्यांवरच्या बाईसाठी मात्र दार बंद झाले. बीडच्या गुन्ह्याची शिक्षा जव्हारच्या बाईने भोगावी, असा न्याय तुमच्या मथळ्यांनी केला.

तुमचे एक कौतुक करायलाच हवे. जिथे रुग्णवाहिका पोहोचत नाही तिथे तुमचा कॅमेरा पोहोचतो. १९९२ साली आमच्या तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले मेली तेव्हा मुंबईहून मंत्री आले, अधिकारी आले, बातमीदारही आले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पालकमंत्री विष्णू सवरा यांच्या तोंडून बालमृत्यूंबद्दल बेफिकिरीचे शब्द निघाले आणि तुम्ही ते शब्द आठवडाभर दाखवलेत. शब्द जुने झाले तशी मुलेही पानावरून गेली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करत असताना, मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईची जुळी दगावली. तिचे रक्त थांबेना म्हणून घरच्यांनी तिला झोळीत घालून चिखलाच्या उतारावरून सुमारे तीन किलोमीटर नेले. त्या झोळीचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. २०२५ च्या जूनमध्ये मोखाड्याच्याच एका बापाने आपले मृत बाळ पिशवीत घालून नाशिकहून एसटीने घरी आणले. तेही साऱ्या देशाने पाहिले.

पोटातल्या बाळासाठी दिल्लीत मोर्चा निघाला तोही २०२२ चाच ऑगस्ट. मर्कटवाडीतली दोन बाळे हवी असलेली बाळे होती. त्यांच्यासाठी रस्ता नव्हता. एका पानावर न जन्मलेल्यांसाठीचा शोक, दुसऱ्या पानावर जन्मून लगेच गेलेल्यांच्या आईची झोळी, आणि दोन्ही बातम्या एकमेकींना ओळखत नाहीत. जीव वाचवण्याची एवढी तळमळ असलेल्या मोर्चेकऱ्यांना मर्कटवाडीचा रस्ता विचारावा असे तुमच्या एकाही बातमीदाराला वाटले नाही. विचारले असते तर कदाचित त्यांनी चांगले उत्तर दिले असते. कित्येक ननबाई दुर्गम भागात दवाखाने चालवतात, त्यांना हा रस्ता तुमच्याहून जास्त ठाऊक आहे.

बातमीने काय होऊ शकते हे तुम्हाला बेळगावच्या मुलीवरून सांगते. बेळगाव म्हटले की तुम्हाला सीमाप्रश्न आठवतो. मला सविता हलप्पनवार आठवते. बेळगावात वाढलेली, दातांची डॉक्टर, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे गॉलवेच्या रुग्णालयात स्पष्ट झाले. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके सुरू आहेत म्हणून तो नाकारला गेला. हा कॅथलिक देश आहे, असे तिला सांगितले गेल्याचे पुढे चौकशीत एका सुईणीने मान्य केले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला सविता गेली. ती ३१ वर्षांची होती. १४ नोव्हेंबरला ‘आयरिश टाइम्स’ने तिची बातमी छापली. त्या देशात गर्भाच्या बाजूच्या प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या, त्यांच्या बातम्याही येत होत्या. आता लोक सवितासाठी मेणबत्त्या घेऊन बाहेर पडले. या वेळी वर्तमानपत्राने मेणबत्त्या मोजून हात झटकले नाहीत. रुग्णालयात तिला काय सांगितले, कोणत्या नियमाने सांगितले, तो नियम कुणी लिहिला, हे प्रश्न त्याने सोडले नाहीत. २५ मे २०१८ रोजी आयर्लंडच्या ६६.४ टक्के मतदारांनी घटनेतली गर्भपातबंदी काढून टाकली. तिच्या वडिलांनी त्यासाठी बेळगावहून आवाहन केले होते. बेळगावच्या एका बाईच्या मरणाने एका कॅथलिक देशाचा कायदा बदलला. आपल्याकडे तो कायदा पन्नास वर्षांपासून तयार आहे आणि वाचकाला त्याचा पत्ता नाही.

मराठी वर्तमानपत्राला हे सगळे नवे आहे असे म्हणू नका. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला पोटचे मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेची काळ्या पाण्याची झाली. ‘पुणे वैभव’ने तिच्या निमित्ताने साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर लिहिले. विधवेला दिवस कुणामुळे गेले, हे त्या लेखकाने विचारले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचले आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. प्रती निघाल्या ५००. आज ‘पुणे वैभव’ कुणाच्या घरात नाही, ताराबाई अभ्यासक्रमात आहेत. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी पहिले काम केले ते जाहिरात भिंतींवर लावण्याचे. अडलेल्या विधवेला कुठे जायचे, तिचे नाव कसे गुप्त राहील, हे त्या कागदावर होते. आणि र. धों. कर्वे. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. ते कॉलेजही मिशनऱ्यांचेच होते. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवले. खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांकडे तुमच्यासारखी जाहिरातींची पाने नव्हती, तालुक्या-तालुक्याला बातमीदार नव्हते. त्यांनी खिशातले पैसे घालून जे छापले, ते तुम्ही पगार घेऊन लपवता.

तुमची सबब मला माहीत आहे. ‘विषय नाजूक आहे, घराघरात पेपर जातो.’ त्याच घराघरात तुम्ही बलात्काराची बातमी गाव, वय, नाते सांगून पाठवता. मुलीचे नाव तेवढे बदलता, बाकी सगळा पाडा तिला ओळखतो. अशी मुलगी दवाखान्यात जाऊ शकते, तिला चोवीस आठवड्यांपर्यंत हक्क आहे, आणि तिने व पालकांनी सांगितले तर डॉक्टरने पोलिसांना कळवतानाही तिचे नाव देण्याची गरज नाही, हे २०२२ च्या त्याच निकालात आहे. हे तुम्ही त्या बातमीखाली छापले असते तर ती बातमी दुसऱ्या एखाद्या मुलीच्या कामाला आली असती.

दिलगिरी नको. जागा द्या. पुढच्या वेळी प्रार्थनासभेचा फोटो छापाल तेव्हा त्याच्याच शेजारी, त्याच आकाराची चौकट करा. मजकूर शोधायला वेळ नाही म्हणाल, म्हणून लिहूनच देते:

‘दिवस गेले आहेत आणि मूल नको आहे किंवा झेपणार नाही, तर सरकारी दवाखान्यात जा. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात कायदेशीर आहे. बलात्कार झालेली, अल्पवयीन, दिवस राहिल्यावर विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग बाई आणि गर्भात दोष असलेली बाई यांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत. गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही, वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. गर्भनिरोधक फसले हे कारण पुरेसे आहे, लग्न झालेले असो वा नसो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची, सासूची, कुणाचीही सही लागत नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकाची संमती लागते. नाव गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे, ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांचे पैसे घेतले जात नाहीत. लवकर जा, एकटीने गोळ्या घेऊ नका. रक्त जास्त जात असेल, ताप आला असेल, तर काय केले ते न लपवता लगेच दवाखान्यात सांगा.’

ही चौकट दिवाळीच्या आधी एकदा छापा, भट्टीला माणसे निघण्यापूर्वी, आणि होळीच्या आठवड्यात पुन्हा एकदा. आमच्याकडे पेपर उशिरा येतो, पण एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीत तो मोठ्याने वाचला जातो.

आपली वाचक,
जामसर, तालुका जव्हार